दाढदुखीची रांग

आपल्या नाताळ अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. 'शांतवनराव, सगळी हयात दवाखान्यात गेली तुमची. चार गमतीजमती लिहून पाठवा. सणाचा अंक आहे, जरा हलकंफुलकं असू द्या.' पत्र वाचून मी टेबलाशी बसलो खरा, पण आठवायला लागल्यावर गमती बाजूला राहिल्या आणि भलतंच पुढे आलं. तेच लिहितो. संपादकांना नको असेल तर त्यांनी खुशाल परत पाठवावं.

मी कंपाउंडर. डॉक्टर नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण म्हातारपणी पुष्कळ कंपाउंडर डॉक्टर होतात. मिशनच्या दवाखान्यात औषधं बनवायला शिकलो आणि लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, आधी दोनेक वर्षं एका खेड्यातल्या दवाखान्यात लागलो. गावाचं नाव लिहीत नाही. घोडेगावच्या बैलबाजाराला नगरकडून जाणारी माणसं आमच्या गावावरून जात, एवढं पुरे.

कंपाउंडरचं काम म्हणजे काय, ते आजच्या पोरांना माहीत नसणार. तेव्हा तयार गोळ्यांची पाकिटं नव्हती. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि मी खलात पूड घोटून, मापानं पाणी घालून मिक्श्चर करी. बाटली पेशंटनं घरून आणायची. कुणी रॉकेलची आणी, कुणी गुलाबपाण्याची. त्या बाटलीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवायची, म्हणजे एका खाचेला एक डोस. एक आजी तीन दिवसांचं औषध दवाखान्याच्या पायरीवर बसून एका दमात प्यायल्या आणि बाटली पुढे करून म्हणाल्या, "आता ही बाटली तुलाच. माजं आवरलं." रंगाचीही मोठी मातब्बरी असे. पांढरं पाणी दिलं की लोकांचा विश्वास बसत नसे, म्हणून मी थोडा लाल रंग घाली. झाल्या गमतीजमती.

लढाई सुरू झाल्यावर आमच्याकडे डॉक्टर सबनीस आले. तिशीच्या आतबाहेरचे, सडपातळ, चष्मा लावणारे. बोलणं मोजकं. पेशंट आला की त्याला स्टुलावर बसवायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, "धंदा काय?" दुखतंय कुठे, हे नंतर. लोक गोंधळत. दुखणं सांगायला आलेल्या माणसाला धंदा काय विचारता, असं त्यांना वाटे. मग जीभ, डोळ्याची पापणी, पोटावर हात, आणि शेवटी "जरा चालून दाखव." एका पेशंटला पंधरा-वीस मिनिटं जात. मी पलीकडे खल घोटत ऐकायचो. माझं खरं शिक्षण तिथे झालं.

त्यांच्या हाताचा गुण मी पहिल्यांदा पाहिला तो एका कल्हईवाल्याच्या वेळी. पोटात कळा येतात म्हणून हा गृहस्थ चार ठिकाणी फिरून आला होता. कुणी जंताचं औषध दिलं होतं, कुणी पोटावर डागलं होतं. त्या दिवशी दवाखान्यात मोजून दहा-अकरा माणसं होती. डॉक्टरांनी विचारलं, "धंदा काय?" तो म्हणाला, "कल्हई." डॉक्टर उठून उभे राहिले आणि त्यांनी त्याचा ओठ अंगठ्यानं वर करून हिरड्या पाहिल्या. मला बोलावून दाखवलं. दातांच्या मुळाशी बारीक निळी रेघ होती.

"कथलात शिसं मिसळतोस का रे?" त्यांनी विचारलं.

तो आधी कबूल होईना. मग खालमानेनं म्हणाला, "काय करावं, सायेब? लढाईनं कथील मिळंना. समदेच मिसळत्यात."

त्याला शिसं चढलं होतं. ते सोडवलं, औषधं दिली, आणि माणूस महिन्याभरात उभा राहिला. पुढे त्यानं माझ्या घरची सगळी भांडी कल्हई करून दिली. कथील चोख होतं का, हे मात्र मी दोनदा विचारून घेतलं. त्या दिवशी मला वाटलं, असा डॉक्टर आपल्या गावाला मिळाला हे भाग्य. अजूनही तसंच वाटतं. म्हणून तर पुढचं लिहायला जड जातंय.

दीड-दोन वर्षांत सगळं बदललं. शेजारच्या दवाखान्याचे डॉक्टर लष्करात गेले आणि तिथली जागा भरली गेली नाही. आठवड्यातले दोन दिवस सबनीसांनी तिथे जावं, असा हुकूम आला. टांगा मिळाला तर टांग्यानं, नाहीतर बैलगाडीनं. त्यात विहिरीत कुणी सापडलं, कुणाचा खून झाला, की प्रेत तपासायला जायचं. मग त्या खटल्याच्या साक्षीला नगरच्या कोर्टात. देवी टोचणाऱ्यांच्या कामावर देखरेख. क्विनाइन मिळेनासं झालं होतं, त्याचा गुंजेगुंजेचा हिशेब वर कळवायचा. आणि बाजाराच्या दिवशी पायरीपासून रस्त्यापर्यंत माणसंच माणसं. जाता जाता बाजारही होतो आणि दवाखानाही होतो, म्हणून लांबलांबची खेडी त्याच दिवशी लोटत. वरून तपासणीला येणारे साहेब रजिस्टरात एकच गोष्ट पाहत. किती पेशंट झाले? कसे झाले, हा रकाना रजिस्टरात नव्हता.

डॉक्टर दुपारचे चार वाजले तरी जेवलेले नसत. चष्मा काढून डोळे चोळत बसलेले मी कितीदा पाहिले. मला ते पाहवत नव्हतं. म्हणून मी एक युक्ती काढली. युक्ती माझी आहे. ती डॉक्टरांच्या नावावर कुणी लावू नये.

दवाखान्यासमोरच्या अंगणात मी चुन्याच्या पाच रेघा मारल्या. पहिली तापाची, दुसरी खोकल्याची, तिसरी पोटाची, चौथी जखमा-गळवांची, पाचवी दाढांची. बाजाराच्या दिवशी मी दारात उभा राहून प्रत्येकाला विचारी, "काय होतंय?" उत्तर येईल त्या रेघेवर त्याला उभा करी आणि औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची नंबर घातलेली चिठ्ठी हातात देई. आत डॉक्टर चिठ्ठी पाहत, एक नजर माणसाकडे टाकत आणि नंबर लिहीत. एक नंबरचं मिक्श्चर मी सकाळीच मोठ्या बरणीत करून ठेवलेलं असे. दोन नंबर, तीन नंबर, तसंच. बाटली पुढे, औषध आत, पुढचा चला.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घातल्या. "शांतवनराव, ही माणसं आहेत की पोस्टातली पत्रं?" असं म्हणाले. पण त्या दिवशी ते दीड वाजता जेवले. पुढच्या आठवड्यात काही बोलले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, "रेघा मारल्यात ना?" तपासणीच्या साहेबांनी रांगा पाहून पाठ थोपटली, आणि मी आठ दिवस फुगून फिरत होतो. "धंदा काय?" हा प्रश्न कुठल्या दिवशी बंद पडला, ते मला सांगता येणार नाही. बंद पडल्याचं मला कळलंसुद्धा नाही.

इब्राहीमभाई नालबंद आमच्या गावचाच. बैलांना नाल ठोकण्यात त्याच्यासारखा हात त्या भागात नव्हता. बैलाला दोरानं आडवा पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचे आणि खुराच्या दोन्ही फाकांना वेगवेगळा नाल ठोकायचा. खिळे त्यानं दातांत धरलेले असत. तोंडात पाच-सहा खिळे आणि तरी बोलणं चालू. मी त्याला म्हणायचो, "अरे, एखादा गिळशील." तो खिळ्यांतूनच हसे. बाजाराच्या दिवशी पहाटेच घोडेगावला जाई, तो तिथून थेट संध्याकाळी परते.

त्या बाजाराच्या दिवशी तो गेला नाही. दहाच्या सुमारास दवाखान्याच्या दारात माझ्यासमोर आला. मागे पन्नास-साठ माणसं खोळंबलेली. डॉक्टर आदल्या दिवशी पाण्यातून काढलेलं एक प्रेत तपासून आले होते, गाडीत अंग मोडलं होतं, आणि सकाळी त्यांनाच हिवताप भरला होता. अंगावर घोंगडी घेऊन ते खुर्चीत बसले होते. सुट्टी घ्या म्हणालो तर म्हणाले, "माझ्या बदली कोण बसणार? तुम्ही?"

"काय होतंय, इब्राहीमभाई?" मी विचारलं.

"दाढ लई ठणकतीया, दादा," तो दातांवरचे दात न उचलता म्हणाला. "तोंड उघडंना. आज खिळा धरता येईना."

त्याचे ओठ दोन्ही बाजूंना ताणलेले होते. दात दिसत होते. मला वाटलं, हा नेहमीसारखा हसतोय. मी त्याला म्हणालो, "दाढ दुखतीया आणि हसतोस काय?" रांगेतली दोन-चार माणसंही हसली. त्याचा चेहरा तसाच ताणलेला राहिला, तेही मला खटकलं नाही. उलट मी मनाशी खूश झालो, की कारण आपल्याला आपोआप कळलं. जन्मभर दातांत लोखंड धरणाऱ्याची दाढ दुखणार नाही तर काय होणार? पाच नंबरची चिठ्ठी दिली आणि पाचव्या रेघेवर उभा केला.

त्याच्या उजव्या पायाला फडकं बांधलेलं होतं. ते मी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. पण मी काय होतंय विचारलं आणि त्यानं दाढ सांगितली. पाय सांगितला असता तर तो चौथ्या रेघेवर गेला असता आणि फडकं मीच सोडलं असतं. एका माणसाला दोन दुखणी असू शकतात, याची सोय माझ्या रांगांत नव्हती.

आत डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली. "आ कर." त्याला आ करता येईना. डॉक्टरांनी गालावरून बोट फिरवलं. "अक्कलदाढ सुजलीय. सूज उतरली की काढू. लवंगेचं तेल लाव, मिठाच्या पाण्यानं शेक." झालं. मिनिटसुद्धा गेलं नसेल. त्यानं बाटली आणली नव्हती. बाटल्यांची टंचाई होती, तरी ओळखीचा म्हणून मी दवाखान्याची लहान बाटली दिली आणि बजावलं, "परत आण बरं का. दवाखान्याची आहे." त्यानं मान हलवली. मान हलवतानाही त्याला त्रास झाला, हे मला आज आठवतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको मेहरूनबी दवाखान्यात आली. डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. "दादा, त्यांचं आंग कमानीवानी वाकतंय," एवढंच म्हणाली. डॉक्टर बॅग न घेताच निघाले, बॅग घेऊन मी मागे धावलो.

घराच्या उंबऱ्यावर डॉक्टर थांबले. आत इब्राहीमभाई वाकळेवर होता. मान मागे गेलेली, पाठ जमिनीपासून सुटलेली, घामानं निथळत होता. शुद्धीवर होता, हेच वाईट. डॉक्टरांनी खाली बसून पायावरचं पांघरूण बाजूला केलं आणि फडकं सोडलं. टाचेत एक काळं भोक होतं. वरून हळद-चुना लिंपलेला.

"हे कधी झालं?"

"मागच्या बाजारी," मेहरूनबी म्हणाली. "बैलाचा जुना नाल काढताना खिळा पडला, त्यावर पाय आला. म्हनले, ह्यात काय, रोजचंच हाय."

डॉक्टर माझ्याकडे वळले. फार हळू विचारलं, "धंदा काय याचा?"

"नालबंद."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," मी म्हणालो.

 धनुर्वात होता. गुराढोरांच्या शेणामुतात पडलेल्या खिळ्याची जखम आणि आवळलेला जबडा, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर डॉक्टरांनी झोपेतसुद्धा ओळखला असता. एक गोष्ट मला ठाऊक होती, दारात. दुसरी त्यांच्यासमोर होती, आत. मध्ये माझी पुठ्ठ्याची चिठ्ठी होती, आणि तिच्यावर पाच लिहिलेलं होतं.

धनुर्वाताची लस, म्हणजे त्याचं विष उतरवणारं सीरम, नगरला मिळण्यासारखी होती. पेशंटला हलवायचं तर गाडीच्या एकेका धक्क्यानं झटका आला असता. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मला धाडलं. त्या दिवसांत पेट्रोलच्या टंचाईमुळे बसगाड्या कोळशाच्या धुरावर चालत आणि चढ आला की उतारूंना उतरून ढकलाव्या लागत. मीही ढकलली. नगरच्या मोठ्या दवाखान्यात लस मिळाली, कुणी आडकाठी केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलो तेव्हा डॉक्टर तिथेच, वाकळेशेजारी बसलेले होते. घरात अंधार केला होता. उजेड आला किंवा आवाज झाला की त्याचं अंग ताठ व्हायचं. गळ्याखाली घोट उतरत नव्हता.

लस टोचली. झोपेचं औषध नळीनं खालून दिलं. मेहरूनबीनं दारासमोरच्या दगडी वाटेवर कडबा पसरला होता, तरी बाजूच्या रस्त्यानं बैलगाड्या जायच्याच. बैलांच्या नालांचा आवाज आला की तो कमानीसारखा उचलला जाई. त्या गावातल्या बैलांना नाल दुसऱ्या कुणी ठोकलेले नव्हते. मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो आणि दिवसभर गाड्या लांबून वळवल्या. तेवढंच माझ्या हातात उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

पुढे मी पुष्कळ डॉक्टरांना हे सांगितलं आहे. सगळे समजूत घालतात. जबडा आवळल्यावर लस दिली तरी तेव्हा निम्म्याहून जास्त जातच असत, तीन दिवस आधी कळलं असतं तरी वाचला असता असं नाही, असं म्हणतात. ते खरं असेल. पण तीन दिवस आधी त्याला मी हसलो होतो. त्याबद्दल माझी समजूत कोण घालणार?

डॉक्टरांनी मला कधी शब्दानं दोष दिला नाही. मीच एकदा म्हणालो, "साहेब, चूक माझी झाली." ते म्हणाले, "तुम्ही रांग लावलीत. बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही, शांतवनराव, मी नंबर वाचला." रजिस्टरात त्या दिवशी इब्राहीमभाईच्या नावापुढे 'दाढदुखी' लिहिलेलं होतं. ते त्यांनी खोडू दिलं नाही. खाली मृत्यूचं कारण लिहून सही केली. तपासणीच्या साहेबांनी पुढच्या खेपेला ते पान उलटलं, बेरीज पाहिली आणि पुढे गेले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी डॉक्टरांनी स्वतः केरसुणी घेऊन चुन्याच्या रेघा पुसल्या. पुन्हा स्टूल, पुन्हा "धंदा काय?", पुन्हा "चालून दाखव." मला इतकं बरं वाटलं. पण दुपार झाली तरी निम्मी माणसं बाहेरच. लांबून आलेली, अंगात ताप असलेली, पोरं कडेवर घेतलेल्या बाया. काही तशाच उठून गेल्या. त्यांच्यात कुणाच्या टाचेत खिळा होता, कोण जाणे. दोन महिन्यांत तक्रारी गेल्या, की डॉक्टर मुद्दाम वेळ लावतात. तिसऱ्या महिन्यात बदलीचा कागद आला. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगराकडे. जाताना त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून बॅगेत ठेवला, तो हात मला अजून दिसतो. परत त्यांची भेट झाली नाही.

नवे डॉक्टर चांगले होते. तरुण, हुशार. पहिल्याच बाजाराच्या दिवशी त्यांनी विचारलं, "इथं तुम्ही रांगांची काही पद्धत काढली होती म्हणे? चालू करा ना." त्यांच्याकडेही दोन दवाखाने होते. मी त्यांना इब्राहीमभाईची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "मग मी काय करू? सांगा तुम्ही."  मी चुन्याची बादली काढली.

त्यानंतर महिन्याभरानं मेहरूनबीची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर घरात काढायची मुदत, संपली, आणि बाजाराच्या दिवशी ती दवाखान्यात आली. ती थेट माझ्याकडे आली नाही. आता लोक आपापली रेघ ओळखून आपणच उभे राहत आणि चिठ्ठी मी दारात देई; ती पाचव्या रेघेवर, रांगेत उभी राहिली. पुढची माणसं सरकतील तशी सरकत माझ्यापर्यंत आली. मी सवयीनं विचारून गेलो, "काय होतंय?"

"मला काय न्हाई झालं," ती म्हणाली. पदराखालून लहान बाटली काढून तिनं माझ्यासमोर धरली. "त्यांनी सांगितलं हुतं, बाटली दवाखान्याची हाय, परत द्यायची. धड बोलता येत न्हवतं तरी दोनदा सांगितलं."

बाटलीत तेल गळ्यापर्यंत होतं. लावणार कुठे? तोंड उघडलंच नव्हतं.

मी बाटली घेतली. ती निघून गेली. मागचा म्हातारा पुढे आला, गाल हातानं दाबलेला. मी बाटली हातात धरूनच त्याला विचारलं, "बाबा, धंदा काय तुमचा? पायाला वगैरे कुठे लागलंय का?"

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं. आतून नव्या डॉक्टरांनी हाक मारली, "शांतवनराव, रांग का थांबलीय?"

मी त्याच्या हातात पाच नंबरची चिठ्ठी दिली आणि त्याला आत सोडलं.